शेंदराखालचा दगड

नगरच्या सावेडीतल्या आमच्या घराचा स्वयंपाकाचा ओटा काळा कुळकुळीत होता, आणि घरात नवा माणूस आला की पप्पा त्याला चहाच्या आधी तो ओटा दाखवायचे. "एक नंबर ब्लॅक ग्रॅनाइट. वाकून बघा, चेहरा दिसतो की नाही." पाहुणा वाकून चेहरा बघायचा, मम्मी घाईघाईने पिठाची परात बाजूला घ्यायची आणि मी फ्रिजच्या आडोशाला उभी राहून हे सगळं बघत असायचे. कॉलेजात भूशास्त्राच्या मॅडमनी एकदा सांगितलं की बाजारात ज्या दगडाला पॉलिश चढतं तो प्रत्येक दगड ग्रॅनाइट म्हणून विकला जातो. काळा ग्रॅनाइट हा मुळात ग्रॅनाइट नसतोच, त्याचं कूळ वेगळं. त्या संध्याकाळी घरी येऊन मी ओट्याकडे खूप वेळ बघत बसले. मम्मी त्यावर पोळ्या लाटत होती. मी काही बोलले नाही. कळलेली गोष्ट पोटात ठेवून द्यायची मला लहानपणापासून सवय आहे. ती चांगली की वाईट, हे मी अजून ठरवलेलं नाही.

पप्पांचं दुकान पुणे रस्त्याला, सुप्याच्या अलीकडे. दुकान म्हणजे पत्र्याची मोठी शेड, तिच्यात दक्षिणेकडून ट्रकने आलेल्या फरश्या उभ्या टेकवून ठेवलेल्या, आणि मागे कटर. कटर चालू झाला की बाकी जग बंद व्हायचं. पात्यावर पाण्याची धार, खाली दुधासारखा पांढरा चिखल, आणि तो आवाज दातांत शिरायचा. शाळेला सुट्टी असली की मी तिथे एका फरशीकडून दुसरीकडे फिरायचे आणि ओलं बोट फिरवून बघायचे. कोरडा दगड झोपलेला असतो, ओला झाला की डोळे उघडतो, असं मला वाटायचं. राखाडी फरश्यांमध्ये कधी कधी काळपट, लांबट गोळे दिसायचे, खिचडीत एखादा वांग्याचा तुकडा दिसावा तसे. गिऱ्हाईक लगेच नाक मुरडायचं, "ह्याच्यावर डाग आहे हो." मग ती फरशी मागे जायची, न्हाणीघरासाठी. मला त्याच फरश्या आवडायच्या. का, ते मात्र पुष्कळ वर्षांनी कळलं.

माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. घरात मराठी, शाळेत इंग्रजी, आणि महिन्या-दोन महिन्यांनी गावी गेलं की तिसरीच भाषा. आमचं गाव पारनेर तालुक्यातलं, राळेगणसिद्धीच्या पुढे आत. सावेडीत 'नाही, आहे' म्हणणारे पप्पा टेम्पो गावाच्या वळणाला लागला की 'न्हाई, हाय' म्हणायला लागायचे. कुठल्या झाडापाशी त्यांची भाषा बदलते ते मी हेरून ठेवलं होतं. मला तशी बदलता यायची नाही. मी बोलायला लागले की चुलत्या-आत्या हसू दाबायच्या आणि म्हणायच्या, "लई ग्वाड बोलती, टीव्हीतल्यावानी." म्हणून मी गावात बोलायचंच सोडून दिलं. चुलीपाशी बसायचे, बाजरीच्या भाकरीचा पापुद्रा सोलून आमटीत बुडवायचे आणि ऐकत राहायचे.

त्या ऐकण्यातच मला आमच्या घराचं नाव कळलं. गावात आम्हाला 'उपरी' म्हणतात. जुन्या काळी ज्यांची जमीन पिढीजात गावातली नाही, जे बाहेरून येऊन वसले, ते उपरी. पप्पांचे पणजोबा कुठूनतरी बायको आणि दोन बैल घेऊन आले होते; कुठून, ते कुणालाच ठाऊक नाही. त्यानंतर आमच्या घरातली माणसं त्याच मातीत जन्मली, त्याच मातीत गेली, पण नाव काही पुसलं गेलं नाही. "कुनाची गं तू?" "दत्तूची." "आसं व्हय, उपऱ्याची." त्यात दुष्टावा नव्हता. डावखुऱ्याला डावखुरा म्हणावं तसं ते होतं. फक्त भैरोबाच्या जत्रेत त्याला धार यायची. जत्रेला देवळापुढून मानाची काठी निघते, दोन माणसांहून उंच, टोकाला मोरपिसं आणि निशाण. ती गावातल्या प्रत्येक घरातला माणूस पाच पावलं तरी खांद्यावर घेतो. आमच्या घरातल्या कुणी कधी घेतली नव्हती. काठी जवळ आली की पप्पा दोन पावलं मागे सरायचे, हसत, जणू स्वतःहूनच. ते मागे सरणं मी दरवर्षी बघायचे.

म्हणून गावानं भैरोबाच्या गाभाऱ्यात फरशी बसवायचं ठरवलं, तेव्हा पप्पांनी न विचारता सांगून टाकलं, "ग्रॅनाइट माझं. बसवून बी मीच देनार." आणि गावातले मोठे मानकरी भाऊसाहेब पारावर सगळ्यांदेखत म्हणाले, "मग औंदाच्या काठीला दत्तू हात लावंल." त्या दिवशी पप्पा घरी आले ते भुईमुगाच्या शेंगांचं पोतं घेऊन, कारणाशिवाय. मम्मीनं कारण ओळखलं आणि शेंगा उकडायला टाकल्या.

हे ठरण्याच्या थोडंच आधी आमच्या कॉलेजची सहल कर्नाटकात, चित्रदुर्गाकडे गेली होती. नगर जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला दगड म्हणजे काळाच माहीत असतो. विहीर खणा, डोंगर चढा, घराचा पाया बघा, काळा पाषाण, त्याखाली मुरूम, पुन्हा काळा पाषाण. तिकडे गेल्यावर मला पहिल्यांदा कळलं की आपला काळा दगड ही नुसती वरची आवरणं आहेत, लाव्हाचे एकावर एक पसरलेले थर. आणि पृथ्वीच्या हिशेबात ते अलीकडचे आहेत. चित्रदुर्गाकडचे दगड त्याच्या कितीतरी पटींनी जुने. एका उघड्या माळावर मॅडमनी आम्हाला हिरवट काळा खडक दाखवला. लोड आणि उशा रचून ठेवाव्यात तसा तो दिसत होता. लाव्हा पाण्याखाली बाहेर पडला की लगेच थिजतो आणि त्याच्या अशा उशा होतात. "म्हणजे इथे काय होतं?" मॅडमनी विचारलं. उन्हानं तापलेला तो माळ, लांब एक बाभूळ, आणि कुणीतरी हळूच म्हणालं, "समुद्र."

दुसऱ्या दिवशी ग्रॅनाइटची टेकडी. जवळ गेले तर त्यात तेच काळपट लांबट गोळे. आमच्या न्हाणीघराच्या फरशीतले! मॅडम म्हणाल्या, जमिनीचे मोठमोठे पट्टे सरकत असतात. एक दुसऱ्याशी भिडला की जड पट्टा खाली जातो, समुद्राचा तळच्या तळ खाली ओढला जातो. त्याच्याबरोबर पाणीही खोल जातं, त्या पाण्यानं वरचा तप्त खडक वितळतो, वर ज्वालामुखी फुटतात आणि आत सावकाश ग्रॅनाइट मुरतो. त्या फिक्या रसात काळा रस मिसळायला येतो, पण पुरता मिसळत नाही, त्याचेच हे गोळे. "सबडक्शन," त्या म्हणाल्या. "पण हे सगळ्यांना मान्य आहे असं समजू नका. इतक्या जुन्या काळी असं घडायचं की नाही, यावर अजून भांडणं आहेत." मी आयुष्यात वर्गात क्वचितच प्रश्न विचारला असेल. त्या दिवशी विचारला. "मॅडम, मग तो समुद्राचा तळ आता कुठे आहे?" "गेला." "मग आपल्याला कळलं कसं?" मॅडमनी हातातला हातोडा त्या काळ्या गोळ्यावर नुसता टेकवला. "जाताना ठसा सोडून गेला. आपण ठसा वाचायचा."

घरी आल्यावर मम्मी पुरण शिजवत होती आणि मी तिला हे सांगायला गेले. मराठीत शब्दच सापडेनात. मग मी कढईतल्या गुळाकडे बोट दाखवलं. "कोरडा गूळ तापवला तर वितळायला वेळ लागतो ना? आणि त्यात चमचाभर पाणी टाकलं की?" "लगेच पातळ होतो," मम्मी म्हणाली. "तसंच. समुद्र खाली गेला, त्याचं पाणी लागलं, आणि दगड पातळ झाला. ह्याला सबडक्शन म्हणतात." तिनं क्षणभर विचार केला. "एवढंच ना? मग त्यासाठी कर्नाटकात कशाला जायला पाहिजे होतं?" पप्पा दाराशी उभे होते. त्यांनी त्यातला फक्त 'सबडक्शन' हा शब्द ऐकला होता, आणि तो त्यांच्या कानाला ओळखीचा वाटला. पुढच्या वेळी आम्ही गावी गेलो तेव्हा पारावरून एक आजोबा मला म्हणाले, "पोरी, तू सबमर्शिबलचं शिकतीस म्हनं. आमच्या बोरातली मोटर सारखी जळती, जरा बघ की." आमच्याकडे सबमर्सिबल पंप हा घराघरात बोलला जाणारा शब्द आहे, सबडक्शन नाही. पप्पांनी सगळ्या गावाला सांगून ठेवलं होतं. मी ते दुरुस्त केलं नाही. दुरुस्त करायचं तर बोलावं लागलं असतं.

फरशीचं काम सुरू झालं तेव्हा पप्पा एका मिस्त्रीला घेऊन गावातच राहिले. मी आणि मम्मी शेवटच्या दिवशी पूजेला जाणार होतो. सकाळी पुरणपोळ्यांचा डबा पुढे पायाशी ठेवून मम्मीनं स्कूटर काढली, मी मागे. गावात शिरलो तर पारावर कुणीच नाही. सगळं गाव देवळापुढे. आणि शांत. मला गावातला गोंगाट माहीत होता, ही शांतता माहीत नव्हती.

आमचा भैरोबा म्हणजे मूर्ती नव्हे, एक उभट गोल दगड, त्याला डोळे लावलेले. पिढ्यान्‌पिढ्या तेलात कालवलेला शेंदूर चढवून चढवून त्याच्यावर चार बोटं जाड कवच झालं होतं. त्याला गावात देवाची खोळ म्हणतात. मूळ दगड हयात असलेल्या कुणीही पाहिलेला नव्हता. आदल्या दिवशी शेजारी फरशी कापताना हादरा बसून त्या खोळीला तडा गेला होता. गुरवमामांनी तो बघितला, वरून धोतर पांघरलं आणि दार लोटून घेतलं. पप्पा आणि मिस्त्री सभामंडपात झोपले, फरश्यांचा टेम्पो देवळाला लागून उभा. सकाळी गुरवमामा पूजेला गेले तर खोळ तुकडे होऊन खाली पडलेली, आणि आतला देव, सगळे धरून चालले होते तसा, काळा नव्हता. फिकट राखाडी होता, ठिपक्याठिपक्यांचा, मधे चमकणारा. थेट आमच्या दुकानातल्या फरशीसारखा.

"दत्तूशेठ," भाऊसाहेब म्हणत होते, आणि 'शेठ' त्यांनी असा उच्चारला की मम्मीनं माझा हात धरला, "आमचा देव काळा हुता का गोरा हुता, ह्ये आमाला ठावं न्हाई व्हय?"

"भाऊसाहेब, देवाशपथ, मी धोतराला बी हात लावला न्हाई."

"मग ह्यो दगुड आला कुठनं? हाय का आपल्या शिवारात कुठं आसला? दावा मला."

"रातभर टेम्पो हितंच हुता," मागून कुणीतरी म्हणालं.

"जुना देव कुठं टाकला, तेवढं सांग बाबा," एक म्हातारी हात जोडून म्हणाली. तिचा आवाज चिडलेला नव्हता, रडवेला होता. तेच ऐकवेना. "आमी काय बोलत न्हाई तुला. फकस्त देव दे."

"अहो, आमच्या दुकानातले दगड सपाट असतात!" मम्मी पुढे झाली. "हा देव काय फरशीसारखा दिसतोय तुम्हाला?"

"मशीनवर समदं गोल हुतंय, वैनी. पाटा-वरवंटा कसा हुतो?"

दोघं-तिघं हसले. पप्पा हसले नाहीत, आणि मागेही सरले नाहीत. ते सभामंडपाच्या खांबाला धरून उभे होते, कपाळावर दगडाची पांढरी धूळ. त्यांच्या तोंडून पुढचा शब्द निघत नव्हता. माझं न बोलणं मला माहीत होतं. त्यांचं मी पहिल्यांदाच बघत होते. काठी तर आता गेलीच होती, पण त्यांना त्या गावात पुन्हा पाय ठेवता येईल की नाही, असा प्रश्न होता.

"दत्तूची पोरगी दगडाचंच शिकती ना?" गुरवमामा एकदम म्हणाले. "तिला तरी इचारा."

सगळे वळले. बायकांनी गाभाऱ्याच्या आत जायचं नाही, असा आमच्या देवळाचा रिवाज. मला उंबऱ्यापर्यंत वाट करून दिली. आत समईच्या उजेडात तो दगड उभा होता. वर तेलाचा थर, पण त्याखाली दाणा स्पष्ट दिसत होता, काचेसारखा, गुलाबीसर, अभ्रकाची चकाकी. आणि मधोमध एक काळपट लांबट गोळा, आसपासच्या दगडापेक्षा जरासा वर आलेला. खऱ्या कुळातला ग्रॅनाइट, यात शंका नव्हती. मी तोंड उघडलं. "ॲक्च्युअली, हा जो..." आणि पुढे सगळे शब्द इंग्रजी. समोर इतके चेहरे. "मराठीत बोल, बाय," कुणीतरी म्हणालं. मी खाली बघितलं. भाऊसाहेबांनी मान फिरवली. "चला, पाटी उचला. उतरलेली खोळ वाहत्या पाण्यात सोडायची, मागाहून काय ते बघू." एका माणसानं शेंदराच्या तुकड्यांनी भरलेली पाटी डोक्यावर घेतली आणि तो माझ्या अंगावरून पायरीकडे निघाला.

वरचा मोठा तुकडा उपडा होता. त्याची आतली बाजू माझ्या डोळ्यांसमोरून गेली. नारळाच्या करवंटीसारखी गुळगुळीत, आणि मधोमध एक लांबट खळगा.

"थांबा," मी म्हणाले.

ते मोठ्यानं निघालं असावं, कारण तो माणूस पायरीवर एक पाय ठेवून थांबला. "पाटी खाली ठेवा. मामा, तो मोठा तुकडा घ्या. उलटा नका करू. तसाच देवाला लावा. आतली बाजू देवाकडे."

गुरवमामांनी आधी भाऊसाहेबांकडे बघितलं, मग तुकडा दोन्ही हातांनी उचलला. "कुठं लावू?"

"तो काळा गोळा आहे ना, वर आलेला? तुकड्यात खळगा आहे. खळगा त्याच्यावर येऊ दे. थोडं डावीकडे. अजून. आता दाबा."

मामांनी दाबलं. डब्याचं टोपण बसावं तसा तो तुकडा बसला. "बसला की," ते पुटपुटले. मग त्यांनी हात काढून घेतले. तुकडा तिथेच राहिला. मी दुसरा सांगितला, तोही बसला, पहिल्याच्या कडेला कड लागून, तड्याची रेघ केसाएवढी. भाऊसाहेबांनी चपला काढल्या, पायांवर पाणी घेतलं आणि आत गेले. त्यांनी तुकडा काढला, फिरवून उलटा लावून बघितला, बसेना. खाली लावून बघितला, बसेना. मग जिथून काढला होता तिथे नेला आणि तो आपल्या जागी बसला. पिढ्यांचा शेंदूर ज्या दगडावर चढला होता त्याच्या प्रत्येक उंचवट्याची आठवण त्या शेंदरात होती. दगड बदलला असता तर ती जुळली नसती. हे समजावून सांगायची गरजच पडली नाही.

भाऊसाहेब बराच वेळ देवाला हात लावून उभे राहिले. बाहेर आले तेव्हा पप्पांच्या समोर थांबले, आणि मला वाटलं आता काही म्हणतील. ते मागे वळून ओरडले, "आरं, चहा टाका रं कुनीतरी! दत्तू सकाळधरनं उपाशी हाय." आमच्याकडे माफी अशीच मागतात. पप्पांनी खांब सोडला.

पण चहा येईपर्यंत भाऊसाहेब माझ्याकडे आले. "पोरी, एक सांग. मग ह्यो दगुड हितला न्हाई म्हन की."

त्यांच्या आवाजात मघाचा ताठा नव्हता. भैरोबा त्यांच्याच खापरपणज्याच्या नांगराला अडला होता, त्यांच्याच शेतात. त्यांच्या घराचा सगळा मान त्या एका गोष्टीवर उभा. मला उत्तर माहीत होतं. शिवारात काय, शेकडो मैलांत असा दगड उघडा सापडणार नाही. पण त्यांच्या डोळ्यांत तेच होतं जे मी दरवर्षी काठी जवळ आल्यावर पप्पांच्या डोळ्यांत बघितलं होतं.

"नांगराला लागला हे खरंच असणार, काका," मी म्हणाले. "त्याच्या आधीचं दगडावरून एवढंच सांगते की तो जुना आहे. आपल्या काळ्या पाषाणाच्याही खूप खूप आधीचा."

"काळ्या पाषानाच्या आदुगर?" त्यांचा चेहरा उजळला. ते मागे वळले. "ऐकलं का? आपला देव समद्यात जुना हाय! शिकलेली पोरगी सांगती!" म्हातारीनं माझ्या गालावरून बोटं फिरवून कडकडा मोडली. पंपवाले आजोबा शेजारच्याला सांगत होते, "सबमर्शिबलचं शिकलं की आसं समदं कळतं."

परतताना मम्मी स्कूटरवर पुढे गेली आणि मी पप्पांबरोबर टेम्पोत बसले. पुरणपोळ्या गावातच संपल्या होत्या. ते झाड मागे पडलं तरी पप्पांची भाषा काही बदलली नाही. सुप्याच्या अलीकडे ते म्हणाले, "आता खरं सांग. कुठला हाय त्यो?"

मी सांगितलं. अंधारलेल्या कॅबिनमध्ये समोर रस्त्याकडे बघत बोलायचं असलं की मला बोलता येतं. मी त्यांना माळावरच्या दगडी उशा सांगितल्या, खाली गेलेला समुद्र सांगितला, गूळ आणि पाणी सांगितलं, गिऱ्हाइकाला न आवडणारे काळे गोळे सांगितले. दगड बहुधा दक्षिणेचा असावा, आणि कुणीतरी माणसानंच तो इथवर आणला असणार. कपड्यात बांधून, बैलाच्या पाठीवर, कोण जाणे. मग तो माणूस गेला, दगड मातीत गेला आणि एके दिवशी नांगराला लागला.

पप्पांनी गिअर बदलला. "गाव सोडताना मानूस कायतरी उचलतोच," मग ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "मग देव बी उपरीच म्हनायचा की."

"नाही पप्पा. उलटं आहे. आपल्या पायाखाली, या सगळ्या काळ्या थरांच्या खाली खूप खोल, ग्रॅनाइटच आहे. तो आधीपासून इथे आहे. काळा दगड नंतर आला, त्याच्यावर येऊन पसरला. उपरी असेल तर काळा पाषाण उपरी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, टेम्पो बाजूला घेतला आणि हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, स्टेअरिंगवर थापा मारत. "समदा जिल्हा उपरी! बोंबला!" मग टॉवेलानं तोंड पुसलं आणि म्हणाले, "गावात न्हाई बोलायचं ह्ये. त्यांचा देव त्यांच्या शेतात घावला. घावू दे." मी मान हलवली. आमच्या दोघांच्या पोटात ठेवायची ती पहिलीच गोष्ट.

आता मी घरापासून लांब राहते. दगडाच्या कागदाहून पातळ चकत्या करून त्या सूक्ष्मदर्शकाखाली बघते, आणि गेलेल्या समुद्रांचे ठसे त्यांत सापडतात का, ते शोधते. एकदा जेवताना सहकाऱ्यांना मी भैरोबाची गोष्ट सांगितली तर ते म्हणाले, चिमूटभर तुकडा आणायचा होतास, वय काढलं असतं, कुठला ते कळलं असतं. मी हसले आणि विषय बदलला. देवावर पुन्हा शेंदूर चढतो आहे. आतला दाणा आता कुणाला दिसत नाही, आणि दिसायला हवा असंही मला वाटत नाही.

त्या वर्षीच्या जत्रेला काठी आमच्यासमोर आली तेव्हा पप्पांचे पाय सवयीनं मागे सरले. भाऊसाहेबांनी त्यांच्या दंडाला धरून ओढलं. हलगीचा कडकडाट, गुलाल, आणि पप्पा त्या उंच काठीखाली वाकलेले, मानेच्या शिरा ताठ, पाय अनवाणी. देवळापुढचं अंगण सगळं जुन्या काळ्या पाषाणाच्या फरशीचं. गर्दीतून कुणीतरी चेष्टेनं ओरडलं, "उपऱ्याला पेलंल का रं?" लोक हसले. पप्पांचे दोन्ही हात काठीला गुंतलेले होते. त्यांनी मान न हलवता गर्दीत मला शोधलं, आणि पायाच्या अंगठ्यानं खालच्या काळ्या फरशीवर दोनदा टकटक केलं.